दिव्याच्या पायाशी मारलेले शिक्के

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं एवढंच आम्हाला माहीत. आठवणी लिहायच्या तर माणसाचं काही वय झालेलं असावं, हातून काही घडलेलं असावं, असं मला वाटतं. माझ्याकडे दोन्ही नाही. मी एम.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जे सांगणार आहे ते एका वॉर्डाच्या मतमोजणीबद्दल आहे. त्या दिवशी मी केबल टीव्हीवर दिसलो होतो. ज्यांनी तेव्हा पाहिलं त्यांच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. तरी लिहितो, कारण टीव्हीवर शेवटचं वाक्य तेवढं दाखवलं. त्याच्या आधी काय काय झालं ते कुणी दाखवलं नाही. ते दाखवण्यासारखं नव्हतंही म्हणा.

मी विदर्भातून बी.एस्सी.साठी पुण्यात आलो तेव्हा वारज्याच्या पुढे, नुकत्याच महापालिकेत गेलेल्या एका गावात खाट भाड्याने घेऊन राहत होतो. घरमालकांनी रस्त्यालगतचं एक शेत बिल्डरला विकून त्या पैशांत तीन मजली स्लॅबचं घर बांधलं होतं. वरच्या मजल्यावर आम्ही पोरं, कुणी कॉलेजचे, कुणी कंपनीत हेल्पर. खाली मालक, म्हणजे काका, त्यांची बायको काकू, आणि काकांची मोठी विधवा बहीण आक्का. आक्का गावच्या बायकांच्या भजनी मंडळाच्या प्रमुख होत्या आणि तोंडाने तिखट. वर राहणाऱ्या कुठल्याही पोराचं नाव त्या लक्षात ठेवत नसत. कंपनीतल्या पोराला त्या ‘कंपनी’ म्हणायच्या आणि मला ‘कॉलेज’.

“ए कॉलेज, मोटार बंद कर की. कवाची व्हातीया.”

पण मोटारीला पाणी क्वचितच असायचं. हायवेच्या कडेला नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. तिथे संगणकवाली माणसं राहायला आली होती आणि त्यांच्या गच्चीवरच्या टाक्या भरून वाहत. जुन्या गावठाणात मात्र हापसा आणि टँकर. टँकर आला की काकूंसकट सगळ्या बायका हंडे घेऊन धावत. एकदा त्या सगळ्या मिळून महापालिकेत गेल्या. तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “आपले नगरसेवक कोण?” काकू म्हणाल्या, अजून निवडणूक झालेली नाही. “मग आपण कुणाच्या वतीनं आलात?” साहेब म्हणाले आणि पुढची फाइल उघडली.

म्हणून काकू उभ्या राहिल्या. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला होता. समोर एका पक्षाच्या बाई होत्या, त्यांच्यामागे जाहिराती, जीपगाड्या, सगळं होतं. काकू अपक्ष. गावठाणात नळ आणायचा, याखेरीज त्यांच्याकडे दुसरं काही बोलायला नव्हतं. चिन्ह मिळालं दिवा. पितळी पायाचा, उभा, वर ज्योत.

तेव्हा मतदान यंत्रं आमच्याकडे यायची होती. कागदी मतपत्रिका होती आणि शिक्का मारायचा असे. गावठाणातल्या कितीतरी बायका पहिल्यांदाच महापालिकेला मत देणार होत्या. म्हणून काका मला म्हणाले, “तू शिकल्याला हायेस. बायकांना जरा समजावून सांग.” मला फार बरं वाटलं. कॉलेजात मला कुणी काही विचारत नसे. माझ्या बोलण्यावरून पोरं हसायची, ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणालो की मागे बसलेला एकजण ते पुन्हा म्हणून दाखवायचा. इथे मला समजावून सांगायचं होतं.

मी एक नमुन्याची मतपत्रिका काढली. पट्टीने चौकटी आखल्या, प्रत्येक दोन चौकटींच्या मध्ये जाड रेघ, चौकटींत चिन्हं. तिच्या झेरॉक्स काढल्या. शिक्क्यासाठी आक्कांनी भेंडी आडवी कापली आणि वाटीत नीळ कालवली. मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर बायका बसल्या. मी उभा राहून म्हणालो, “दिव्यावर शिक्का मारायचा.”

कुणी हलेना.

“दिव्यावर?” आक्का म्हणाल्या. “आरं, पेटत्या दिव्यावर शिक्का मारतं व्हय कुणी? इझवायचाय का त्यो?”

“आक्का, तो चित्रातला दिवा आहे.”

“मंग देव बी फोटूतलाच असतोय. त्येच्या तोंडावर मारतूस का शिक्का?”

बायका हसल्या, पण त्यांना ते पटलं होतं हे मला दिसत होतं. आक्कांनी भेंडी उचलली, निळीत बुडवली आणि दिव्याच्या पायाशी, फूल ठेवावं तशी टेकवली. “ह्यो बघा. पायापाशी. चालंल का न्हाय रं, कॉलेज?”

मी कागद हातात घेऊन पाहिला. शिक्का दिव्याच्या चौकटीत होता. खालची कड रेघेला जरा लागली होती. मी म्हणालो, “चालेल. चौकटीत आला म्हणजे झालं. फक्त जरा वर घ्या.” मग एकेक बाई आली आणि दिव्याच्या पायाशी शिक्का मारून गेली. जाताना काहीजणींनी कागदाला हात लावून तो कपाळाला लावला. मला आईची आठवण आली. आमच्याकडे मतदान असलं की ती घरून हात धुऊन निघते आणि वाटेत कशाला हात लावत नाही.

‘जरा वर’ म्हणजे किती, ते मी सांगितलं नाही. मलाही माहीत नव्हतं.

मतमोजणीला काकूंचा प्रतिनिधी म्हणूनही मीच गेलो. काका म्हणाले, “आमाला तिथलं इंग्रजी-बिंग्रजी कळायचं न्हाय.” तिथे इंग्रजी काही नव्हतं. एका शाळेचा हॉल, ओळीने टेबलं, दोरी बांधलेली, दोरीच्या अलीकडे आम्ही प्रतिनिधी. पलीकडे मोजणीला आलेले कर्मचारी, बरेचसे शिक्षक असावेत, कारण कागद चाळताना बोटाला थुंकी न लावता ओला स्पंज वापरत होते आणि आमच्याकडे वर्गातल्या पोरांकडे बघावं तसं बघत होते. पेट्या रिकाम्या करून मतपत्रिका एकत्र मिसळल्या, मग चिन्हाप्रमाणे वेगळ्या करून गठ्ठे बांधू लागले. ज्या मताबद्दल शंका येईल ते वेगळ्या ट्रेमध्ये जायचं. त्याचा निकाल शेवटी निवडणूक अधिकारी देणार होते.

माझ्या शेजारी समोरच्या बाईंचे प्रतिनिधी बसले होते. वकील होते. डबा घेऊन आले होते. “पहिलीच वेळ का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. “मजा येते,” ते म्हणाले आणि लिंबाच्या लोणच्याची फोड मला दिली.

जेवणाच्या वेळेला दिव्याचे गठ्ठे उंच दिसत होते. मी टेबलावर पुन्हा पुन्हा पाहिलं. दिवा पुढे होता. थोड्याने, पण पुढे. मी चहाला फाटकाबाहेर आलो. तिथे आमच्या भागातला केबलवाला उभा होता. त्याने नुकतंच केबलवर स्वतःचं बातम्यांचं चॅनल सुरू केलं होतं. दोन कॅमेरे, एक माइक, आणि दुकानात बसून पडद्याखालची पट्टी टाइप करणारा त्याचा मेहुणा.

“काय म्हणतोय निकाल?”

“काकू पुढे आहेत. पण शंकास्पद मतांचा ट्रे अजून—”

तो ‘पुढे’ शब्दावरच मोबाइलवर बोलायला लागला होता. तेव्हा मोबाइल आमच्यात त्याच्याकडेच होता. चहाच्या टपरीवर टीव्ही लावलेला होता. माझा चहा संपायच्या आत पट्टी आली: अपक्ष उमेदवाराचा दणदणीत विजय.

मी धावत त्याच्याकडे गेलो. “अहो, मी असं म्हणालो नव्हतो. ट्रे राहिलाय.”

“अरे राजा, तासाभरात तेच होणार आहे ना? आपण आधी दिलं, इतकंच.”

“पण नाही झालं तर?”

“मग पट्टी बदलू. पट्टीला काय रडायला येतंय?”

थोड्या वेळाने टपरीच्या टीव्हीवर आमची गल्ली दिसू लागली. एका पोराला त्याने दुसरा कॅमेरा देऊन तिकडे पाठवलं होतं. गुलाल उधळला जात होता. काकूंच्या गळ्यात हार होता आणि त्या कॅमेऱ्याकडे न बघता पदराने तोंडावरचा गुलाल पुसत होत्या. हापशापाशी बायकांनी फेर धरला होता. आक्का मध्ये उभ्या. कुणीतरी रिकामा हंडा उलटा करून वाजवत होतं. मला तिकडे जाऊन सांगायला हवं होतं, की थांबा. टपरीशेजारीच एसटीडीचा बूथ होता, काकांचा नंबर मला पाठ होता. मी फोन केला नाही. मला वाटलं, खरोखरच तसं होईल. तासाभरात सगळं जुळेल आणि कुणाला कळणारही नाही.

मी आत गेलो तेव्हा अधिकारी ट्रेपाशी बसले होते.

पहिला कागद त्यांनी उचलला आणि मला लांबून दिसलं. दिव्याच्या पायाशी शिक्का, त्याची खालची कड जाड रेघेत उतरलेली. दुसरा कागद तसाच. तिसरा तसाच. मधूनमधून कोरे, दोन शिक्क्यांचे, अंगठ्याचे कागदही निघत होते, पण बहुतेक ट्रे त्या एकाच जागी मारलेल्या शिक्क्यांनी भरला होता. कुणाचं मत कुठलं ते कुणालाच कळत नाही, कळूही नये. पण मला पार दिसत होता आणि पारावरचे हात दिसत होते.

“बाद,” अधिकारी म्हणाले. “बाद. बाद.”

मी हात वर केला. वर्गात करतात तसा. “साहेब, शिक्क्याचा जास्त भाग दिव्याच्या चौकटीत आहे.”

“आपण कायद्याचे विद्यार्थी का?”

“नाही. बी.एस्सी.”

“मग आपण बी.एस्सी. करा. आम्ही मोजणी करतो.” पलीकडचे कर्मचारी हसले. “हरकत असेल तर लेखी द्या. नसेल तर बसा.”

खिशात पेन होतं. पण हरकत कशी लिहायची, कुणाला उद्देशून लिहायची, ‘महोदय’ लिहायचं की नाही, याचाच मी विचार करत राहिलो. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी मला अधिकाऱ्यांचंच बरोबर वाटलं. इतकी शिकलेली माणसं. माझ्याजवळ काय होतं? एक भेंडी. शेजारचे वकील मात्र उठले. त्यांच्या बाईंच्या चिन्हावरचेही काही शिक्के रेघेला लागले होते. ते नियम वाचून दाखवत, दोरीवर हात ठेवून हळू आवाजात बोलत राहिले. अधिकाऱ्यांनी त्यातले काही मान्य केले. मग वकील खाली बसून मला म्हणाले, “बोलावं लागतं, बाळ.”

काकू नऊ मतांनी पडल्या.

बाहेर समोरच्या बाईंची माणसं ओरडत होती, “दिव्याखाली अंधार! दिव्याखाली अंधार!” केबलवाला माझी वाटच बघत होता. चेहरा लाल झालेला. “तुमच्यामुळे आमचा पचका झाला. लोक दुकानात फोन करून शिव्या देताहेत. आता तुम्हीच सांगा, हे असं कसं झालं.” आणि त्याने माइक माझ्या तोंडापुढे धरला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

मला सांगता आलं असतं की मोजणी अजून चालू होती आणि यांनी घाई केली. आतमध्ये कुणाचे शिक्के धरले आणि कुणाचे नाही, तेही सांगता आलं असतं. ‘बायकांना मीच चालेल म्हणालो होतो’ एवढं जरी म्हणालो असतो तरी पुरे होतं. पण कॅमेऱ्यामागे आतले ते कर्मचारी घरी जायला निघालेले दिसत होते, वकील डबा घेऊन उभे होते, आणि मला त्या क्षणी फक्त एवढंच हवं होतं की यांनी मला त्या बायकांमधला समजू नये. मी अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणालो:

“ग्रामीण भागातल्या अशिक्षित महिला आहेत. शिक्का कुठे मारायचा हेच त्यांना समजलं नाही.”

केबलवाल्याला ते फार आवडलं. त्याची चूक त्यात राहिलीच नव्हती. संध्याकाळभर ते चॅनलवर येत राहिलं. साड्यांच्या सेलची जाहिरात, मग मी, मग पुन्हा साड्या. खाली पट्टी: अशिक्षित मतदारांमुळे अपक्षाचा पराभव. दुसऱ्या दिवशी मोठ्या पेपरांत वॉर्डांच्या यादीत एक ओळ होती, तिच्यात कारण वगैरे काही नव्हतं. पण आमच्या गल्लीत तो पेपर कुणाकडे येत नव्हता. केबल सगळ्यांकडे होती.

मी परतलो तेव्हा काकू अंगणातला गुलाल झाडत होत्या. पाणी नव्हतं म्हणून कोरडाच झाडत होत्या आणि तो नुसता जागच्या जागी उडत होता. त्यांनी मला विचारलं, “जेवलास का?” मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

आक्का दारात बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“टीव्हीवर लई ग्वाड दिसत हुतास,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हापशावर गेलो तर बायका एकमेकींना म्हणत होत्या, “अगं, हंडा कुटं ठिवायचा गं? आपून अडाणी. त्या कॉलेजला इचारा.” एकीने खरोखर हंडा हातात धरून मला विचारलं, “हितं ठिवू का जरा वर?” सगळ्या हसल्या. त्यांनी रागावून शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर तरी दिलं असतं. त्या हसत होत्या आणि ‘जरा वर’ हे माझेच शब्द त्यांना पाठ होते.

घरातलं कुणी मला जा म्हणालं नाही. काकूंनी सणाला वर पोळ्या पाठवल्या, माझ्याही ताटात. तेच मला सोसेना. महिना संपताना मी कॉलेज जवळ पडतं असं सांगून नारायण पेठेत खाट बघितली. काका म्हणाले, “बरं.” त्यांनी एका वकिलाकडून कोर्टात अर्ज टाकला होता, मते पुन्हा तपासावीत म्हणून. मी निघताना ते त्या वकिलाकडेच चालले होते. आम्ही एकाच बसने डेक्कनपर्यंत आलो. वाटेत मी म्हणालो, “काका, कोर्टात माझी साक्ष लागली तर—”

“कशाची साक्ष?” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “कागद हायेत की.”

त्यानंतर मी त्या बाजूला गेलो नाही. बी.एस्सी. झालं, एम.सी.ए.ला प्रवेश मिळाला. वारज्याला जाणाऱ्या बसचा नंबर दिसला तरी मी दुसरीकडे बघायचो. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती फोनवर विचारायची, “ते काकू म्हणत होतास, त्या बऱ्या आहेत का?” मी म्हणायचो, बऱ्या आहेत. मला काय माहीत असणार? पेपरात येऊ लागलं की पुढची महापालिका निवडणूक यंत्रांवर होणार. बटण दाबायचं, दिवा लागतो, आवाज येतो. शंकास्पद असं काही राहणार नाही. वर्गातली पोरं यावर इंग्रजीत चर्चा करायची. मी ऐकायचो. एकजण म्हणाला, कागदी मतपत्रिका अशिक्षितांना जमायच्याच नाहीत. मला त्याच्याकडे बघता आलं नाही. त्याचं वाक्य माझ्याच तोंडून निघाल्यासारखं होतं.

गेल्या महिन्यात मंडईत गेलो होतो. खोलीवर आम्ही चौघं आळीपाळीने स्वयंपाक करतो, माझी पाळी होती. एका ओट्यावर मेथीचा भाव विचारला तर विकणारी बाई माझ्याकडे बघतच राहिली.

“तू कॉलेज न्हवं का?”

मी ओळखलं. पारावर होती ती. कागद कपाळाला लावणाऱ्यांतली. मी मान हलवली. पळून जावं असं वाटलं, पण हातात मेथीची जुडी होती.

“आरं, हुतास कुटं? आक्कानं समद्यास्नी सांगून ठिवलंय, कॉलेज कुटं दिसला तर निरोप द्या म्हून. येक जन डेक्कनला बघून आला, दुसरा इष्टी ष्टँडावर. तू घावंचना.”

“आक्का बऱ्या आहेत?”

“त्यास्नी काय हुतंय? कोर्टात बी गेल्या हुत्या. जज्जासमोर पाय पसरून बसल्या. शिपाई म्हणला, आजी, उठा. तर म्हणल्या, माजं गुडघं उठत न्हाईत, तुमचा निकाल उठवा.” ती हसली. मग मेथीवर पाणी शिंपडत म्हणाली, “लागला निकाल. कागद समदं काढलं भाईर. काकू निवडून आली.”

मी विचारलं, “आणि नळ?”

“नळ कुटला आता? नवी निवडणूक तोंडावर हाय. दोन-तीन महिनं ऱ्हायल्यात काकूचं. तरी पाटी लावलीया दारावर, नगरसेविका म्हून. टँकर आला की पाटीखालनंच हंडं न्यायचं.”

“केबलवर दाखवलं का?”

“छ्या. त्यो कशाला दावतोय?”

मी मेथीचे पैसे दिले. तिने ते कनवटीला लावले, एक जुडी जास्तीची माझ्या पिशवीत टाकली आणि मग, राहिलेलं सांगून टाकावं तशी म्हणाली, “आक्काचा निरोप ऐक. त्या म्हणल्या, जज्जानं कागूद हातात धरून, चष्मा लावून बघितला. त्या कॉलेजला सांगा, आमचं शिक्कं बराबर हुतं.”